पिंजऱ्यातली अकरा मिनिटं

मित्रांनो, जरा मान वर करा. पंख्याच्या शेजारी, निळ्या लोखंडी पिंजऱ्यात जो पिवळट पडलेला डबा उलटा टांगलेला दिसतो, तो मी. एके काळी मी पांढराशुभ्र होतो. मी चिखलीतल्या एका शाळेचा, सातवीच्या वर्गातला जुना प्रोजेक्टर आहे. तुम्ही रोज माझ्याखाली बसता, डबे खाता, भांडता, कागदाची विमानं माझ्या दिशेनं सोडता. पण माझी विचारपूस आजवर कुणी केली नाही. म्हणून आज माझं मीच सांगतो.

माझा जन्म नेमका कुठं झाला ते मला सांगता येणार नाही. माझं भिंग एका देशात घासलं गेलं, दिवा दुसऱ्या देशात तयार झाला आणि तिसऱ्याच ठिकाणी एका बाईनं हे सगळं जोडून माझ्या पोटात एक छोटा पंखा बसवला. माझा दिवा फार तापतो. तो पंखा आतली गरम हवा माझ्या उजव्या कुशीतल्या फटींतून बाहेर ढकलतो. हाच माझा श्वास. या फटी तेवढ्या लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं रामायण त्यांच्यापायीच घडलं.

चाकणच्या एका कंपनीनं मला शाळेला भेट दिलं. कंपनीचे साहेब आले, नारळ फुटला, माझ्या कपाळी कुंकू लागलं. पहिल्यांदा भिंतीवर उजेड पडला तेव्हा सगळ्या वर्गानं एका सुरात ‘ओऽऽ’ केलं. तो आवाज मी जन्मात विसरणार नाही. त्या दिवशी मी काय दाखवलं असेल? कंपनीनं स्वतःवरच बनवलेली बावीस मिनिटांची फिल्म! पोरांनी तीसुद्धा डोळे फाडून पाहिली.

पहिली दोन वर्षं माझा मोठा थाट होता. तेव्हाचे गुरुजी तयार व्हिडिओ लावून द्यायचे आणि खुर्चीत बसून मोबाइलवर वर कुठं तरी पाठवायची ऑनलाइन माहिती भरत राहायचे. ती माहिती कधी संपायचीच नाही, त्यात त्यांचा तरी काय दोष? पोरं पहिली पाच मिनिटं बघायची, मग चुळबुळ करायची, मग पेंगायची. शेवटच्या बाकावरचा एक जण तर तोंड उघडं टाकून झोपायचा. मी मात्र फुशारकीत होतो. मला वाटायचं, मी शिकवतोय.

मग एका सुट्टीत शाळेच्या नळांच्या पितळी तोट्या चोरीला गेल्या. आमचे मुख्याध्यापक तापकीर सर, त्यांची झोपच उडाली. आज तोट्या गेल्या, उद्या प्रोजेक्टर गेला तर? त्यांनी पालकांची बैठक बोलावली. तिथं एक पालक उभे राहिले. शर्टाच्या बाहीवर ठिणग्यांनी पडलेली बारीक बारीक भोकं, हातात हेल्मेट. हे धम्मरत्न सोनकांबळे. चिखलीतच त्यांचं वेल्डिंगचं छोटं वर्कशॉप आहे.

“सर, पिंजरा माझ्याकडून,” ते म्हणाले. “असा करून देतो की चोर राहू दे, उंदीरपण आत शिरणार नाही.”

आणि ते शब्दाला जागले. दोन्ही बाजूंनी आणि मागून पत्रा, पुढं जाळी, जाळीत माझ्या डोळ्यापुरतं गोल भोक, खाली कुलपाचं दार. कुणा पोराचा हात कापू नये म्हणून प्रत्येक कड त्यांनी घासून गुळगुळीत केली होती. खडूची धूळ माझ्या फटींत जाऊ नये म्हणून उजव्या बाजूचा पत्रा तर अगदी माझ्या अंगाला चापून बसवला. आणि त्याच पत्र्यावर पेंटरकडून पिवळ्या अक्षरांत लिहून घेतलं: ‘सप्रेम भेट – धम्मरत्न सोनकांबळे, सम्यक फॅब्रिकेशन, चिखली’.

तापकीर सरांनी याच वर्गात त्यांचा सत्कार केला. खांद्यावर शाल पडली तेव्हा धम्मरत्नभाऊ “शाल पहिल्यांदाच बघतोय अंगावर,” एवढंच म्हणाले आणि बाहीनं डोळे पुसले. त्यांची मुलगी मिनल तेव्हा चौथीत होती. ती खाली सतरंजीवर बसून तळहात लाल होईपर्यंत टाळ्या वाजवत होती. “मी सातवीत गेले की याच वर्गात बसणार,” तिनं मैत्रिणीला सांगितलेलं मी ऐकलं, “पप्पांच्या पिंजऱ्याखाली.”

दुसऱ्या दिवशी मला चालू केलं. पाच मिनिटांत मला गरगरायला लागलं. पंखा जिवाच्या आकांतानं हवा ढकलत होता आणि ती हवा समोरच्या पत्र्यावर आपटून परत माझ्याच पोटात येत होती. अकराव्या मिनिटाला माझा लाल दिवा लागला आणि मी विझलो. “व्होल्टेजचा प्रॉब्लेम आहे,” गुरुजी म्हणाले. पुढच्या दिवशी पुन्हा अकरा मिनिटं. त्याच्या पुढच्या दिवशीही तेच. अकरा मिनिटांत त्यांची माहिती भरून होईना, तेव्हा त्यांनी माझा नादच सोडला.

मित्रांनो, तुम्हाला वाटेल की हे कुणाच्या लक्षात आलं नाही. तसं नाही. दुरुस्तीवाला आला होता. त्यानं खालूनच बॅटरी मारून पाहिलं आणि सांगितलं, “सर, मशीन ओके आहे. साइडचा पत्रा काढा, गुदमरतंय ते.”

तापकीर सरांनी वर पाहिलं. ती पिवळी अक्षरं वाचली. मग दबक्या आवाजात म्हणाले, “राहू दे. माणसानं हौसेनं दिलंय. नाव आहे त्याच्यावर. काढला तर काय वाटेल त्याला?”

बस. या एका वाक्यावर मी तीन वर्षं कोंडून पडलो. सर वाईट नव्हते. माणूस भिडस्त, कुणाचं मन मोडायचं त्यांच्या जिवावर येतं. पण त्यांच्या भिडेपायी माझा श्वास अडकला होता, आणि मला तर तोंडच नाही.

हळूहळू मी असून नसल्यासारखा झालो. पिंजऱ्याची किल्ली आधी सरांच्या ड्रॉवरमध्ये होती, मग ती कुठं गेली ते कुणालाच ठाऊक नाही. रिमोट प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून कपाटात गेला आणि त्यातले सेल ऑफिसच्या घड्याळाला लागले. भिंतीवर माझा उजेड पडायच्या जागी स्वच्छतेचा तक्ता लागला. तो तक्ता वर्षानुवर्षं बघत मी लटकून राहिलो. शिपाई ज्योतीराममामा कोळिष्टकं काढताना झाडूचा दांडा पिंजऱ्यावर वाजवायचे आणि म्हणायचे, “ह्यो बी आमच्यावानीच टांगून ऱ्हायलाय. पर आमी निदान घंटा तरी वाजवतो. ह्यो काय करतोय?” पोरं हसायची. मला रडू यायचं.

धम्मरत्नभाऊंचा मला भयंकर राग यायचा. पण ते दर बैठकीला यायचे तेव्हा हळूच बाकावर चढून खिशातल्या रुमालानं त्या अक्षरांवरची धूळ पुसायचे. एकदा त्यांनी जाळीतून आत डोकावून मला विचारलं, “बरा आहेस ना रे आत?” अशा माणसावर किती दिवस रागवायचं? माझा राग विरघळून जायचा, कोंडमारा मात्र तसाच राहायचा.

या वर्षी जूनमध्ये थेरगावच्या शाळेतून बदली होऊन निशिगंधा मॅडम आल्या. आल्या आल्या त्यांनी वर पाहिलं आणि विचारलं, “हा चालतो का?”

“अकरा मिनिटं चालतोय,” ज्योतीराममामा म्हणाले. “मंग झोपतोय.”

“अकरा मिनिटं?” मॅडम हसल्या. “भरपूर झाली की!”

त्यांनी ऑफिसच्या घड्याळातले सेल काढून रिमोटमध्ये घातले. घड्याळ दहा वाजून दहा मिनिटांनी बंद पडलं, ते आजतागायत तसंच आहे. मग त्यांनी भिंतीवरचा तक्ता उतरवला, आणि तीन वर्षांनी मी डोळा उघडला.

मॅडमची तऱ्हाच वेगळी. त्या माझ्याकडून व्हिडिओ पुरा दाखवून घेतच नाहीत. आधी पोरांना विचारतात, “बर्फ पाण्यात वितळला की ग्लासातलं पाणी वाढेल की तेवढंच राहील? वहीत लिहा, खोडायचं नाही.” मग मला चालू करतात, आणि बर्फ वितळता वितळता मध्येच थांबवतात. पोरं ओरडतात, “मॅडम, पुढं काय होतं?” तेवढ्यात माझी अकरा मिनिटं संपतात, मी विझतो, आणि खाली नुसता कल्ला! कुणी स्टीलचा ग्लास आणतं, कुणी मामांना बर्फासाठी पिटाळतं, कुणी भांडून भांडून घसा बसवतं. कधी मॅडम दोन पोरांच्या वहीतलं गणित मोबाइलवर टिपून, नावं झाकून माझ्याकडून भिंतीवर लावायच्या आणि विचारायच्या, “यात पाऊल कुठं चुकलं?” चूक शोधताना कुणी कुणाला हसायचं नाही, असा त्यांचा नियम. शेवटच्या बाकावर आता कुणी झोपत नव्हतं.

तेव्हा कुठं मला उमगलं. पहिल्या दोन वर्षांत मी तासन्‌तास बोललो आणि शिकवलं काहीच नाही. खरं शिकणं मी विझल्यावर सुरू होत होतं. माझी फुशारकी जिरली ती तेव्हा, आणि जगावंसं वाटलं तेही तेव्हाच.

आणि मिनल? ती आता सातवीत आली होती. ठरवल्याप्रमाणे बरोबर पिंजऱ्याखालच्या बाकावर बसली होती. पण अकरा मिनिटांची आता आठ झाली होती, दिवाळीनंतर पाच. माझा जीव आतून भाजत चालला होता.

मॅडमनी एकदा तापकीर सरांना विचारलं, “सर, तो बाजूचा पत्रा काढला तर?”

“मॅडम, तुम्ही नवीन आहात,” सर म्हणाले. “देणगीदाराचा मान असतो. त्यात ते आपल्या शाळा समितीवर आहेत. आणि खरं सांगू का, त्याचं वय झालंय. निर्लेखनाच्या यादीत घातलाय मी त्याला. शनिवारी समितीच्या सह्या झाल्या की विषय संपला.”

निर्लेखन, मित्रांनो, म्हणजे आमचं कागदावरचं मरण. सही झाली की भंगाराचा टेम्पो येतो. माझ्या जागी दुसरा येणार नव्हता, हेही सरांनी सांगून टाकलं. म्हणजे शनिवारनंतर भिंतीवर पुन्हा तोच तक्ता.

त्याच आठवड्यात मॅडमनी उष्णतेचा धडा घेतला. मुद्दाम घेतला की योगायोगानं, ते त्यांनाच माहीत. गरम हवा कशी वर जाते, तिला वाट मिळाली नाही तर काय होतं, हे मी पाच मिनिटांत जेमतेम दाखवलं आणि विझलो. मॅडम म्हणाल्या, “तुमच्या घरी, आईवडिलांच्या कामावर गरम हवेला वाट कुठं ठेवलेली असते, ते आठवा आणि सांगा.”

मिनलचा हात झटकन वर आला. तोंड उघडलं. तेवढ्यात विझलेल्या माझ्याकडे तिची नजर गेली. माझ्यावरून ती पत्र्यावर गेली, पत्र्यावरून पिवळ्या अक्षरांवर. तिचा चेहरा उतरला आणि हात हळूहळू खाली आला.

“बोल ना मिनल,” मॅडम म्हणाल्या.

“काही नाही मॅडम,” ती म्हणाली. “विसरले.”

ती विसरली नव्हती. पुढचे तीन दिवस तिनं एकदाही वर पाहिलं नाही. ती खाली बाकावर आणि मी वर जाळीत, दोघंही एकाच पिंजऱ्यात. खरं बोलावं तर बापाची शाल उतरते, गप्प बसावं तर वर्गाचा उजेड जातो. बारा वर्षांच्या जिवानं करायचं तरी काय? बाई गं, राहू दे, मी म्हणत होतो. पण खोटं कशाला बोलू, मनातून मला वाटत होतं की तिनं बोलावं.

शनिवार उजाडला. सकाळची शाळा, आणि समितीची बैठक आमच्याच वर्गात. मॅडमनी सरांना विनंती केली होती की सही करण्यापूर्वी पालकांनी पोरांचा एक तास बघावा. धम्मरत्नभाऊ कामावरून थेट आले होते, बाहेर त्यांचा टेम्पो उभा होता. आल्या आल्या त्यांनी रुमाल काढून अक्षरं पुसली. मॅडमनी मला चालू केलं. मी सगळा जीव एकवटला. एक मिनिट, दोन मिनिटं, तीन… चौथ्याला लाल दिवा लागला आणि भिंत काळी झाली.

“बघितलंत ना?” तापकीर सर म्हणाले आणि यादी पुढं सरकवली. “मोडके बाक, गंजलेली घंटा आणि प्रोजेक्टर. इथं सही करा.”

धम्मरत्नभाऊंनी पेन हातात घेतलं. “एवढा जपला, तरी गेला बिचारा,” ते म्हणाले.

“पप्पा, थांबा.”

मिनल उभी राहिली होती. सर म्हणाले, “अगं, मोठ्यांच्या बैठकीत…”

“सर, बोलू द्या तिला,” मॅडम म्हणाल्या.

मिनलनं बापाला चूक सांगितली नाही. मॅडमसारखा तिनं प्रश्न विचारला. “पप्पा, उन्हाळ्यात वर्कशॉपातल्या शेखरदादानं आपल्या वेल्डिंग मशीनला खेटून पत्रे लावून ठेवले होते. तेव्हा तुम्ही त्याला काय बोलला होतात?”

“आता ते मध्येच कुठं काढलंस?”

“सांगा ना.”

“काय बोलणार? चांगला झापला त्याला! अरे, मशीनला गरम हवा सोडायला जागा पाहिजे का नको? तिथंच पत्रा लावला तर मशीन तापतं, ट्रिप होतं. आणि तू म्हणतोस मशीन खराब. मशीन नाही खराब, पत्रा लावणाराच…”

ते तिथंच थांबले. त्यांनी वर पाहिलं. पेन टेबलावर ठेवलं, बाकावर चढले आणि आपल्याच नावावर तळहात टेकवला. चटका बसून हात मागं आला. मी तापलेला असताना त्या पत्र्याला हात लावून बघणारा तीन वर्षांतला हा पहिला माणूस.

“कधीपासून आहे हे?” त्यांनी वरूनच विचारलं. “सर, तुम्हाला ठाऊक होतं?”

तापकीर सरांची मान खाली गेली. “तुमचं मन दुखवायचं नव्हतं, धम्मरत्नभाऊ. नाव आहे त्याच्यावर.”

“माझ्या मालात खोट निघाली की गिऱ्हाईक तोंडावर सांगतं, सर. मी दुरुस्त करून देतो. त्यात कसली लाज? तुम्ही माझी शाल सांभाळत बसलात, आणि पोरांचा उजेड कोंडला.” मग ते मिनलकडे वळले. “आणि तू? तू मला घरी का नाही सांगितलंस?”

“तुम्ही दर वेळी रुमालानं पुसता ना ते…” मिनल म्हणाली आणि तिला रडू फुटलं.

धम्मरत्नभाऊ बाकावरून उतरले, त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. मग टेम्पोतून ग्राइंडर घेऊन आले. किल्ली नव्हतीच. त्यांनी पटाशीनं कुलूप उचकटलं, मला खाली उतरवलं आणि मिनलच्या मांडीवर दिलं. “धर. गरम आहे, दप्तर घे खाली.” पाच वर्षांत पहिल्यांदा मी सरळ झालो, आणि मला सगळं जग उलटं दिसायला लागलं. मिनल माझ्या फटींवरची धूळ फुंकत होती. तिचा एक थेंब माझ्या अंगावर पडला, तो किती गार होता म्हणून सांगू!

“पोरांनो, मागं सरा. इकडं बघायचं नाही,” असं म्हणून त्यांनी ग्राइंडर लावला. ठिणग्या उडाल्या आणि ती पिवळी अक्षरं पत्र्यासकट खाली पडली. त्या जागी त्यांनी टेम्पोतली जाळी बसवली, मला परत आत ठेवलं, नवं कुलूप लावून किल्ली मॅडमच्या हातात दिली. सरांनी विचारलं, “जाळीवर नाव टाकू या ना परत?” तर म्हणाले, “नको सर. नावापायीच तर झालं हे सगळं.” तो पत्रा ते घेऊन गेले. मिनल सांगत होती, तो आता त्यांच्या वेल्डिंग मशीनच्या वर टांगलाय. नवीन पोरगा कामाला आला की आधी तो दाखवतात.

मला पुन्हा चालू केलं तेव्हा घड्याळ बघायला सगळे वर्गाबाहेर पळाले, आणि ते बंद आहे हे आठवून हसत परत आले. मी विझलो नाही. यादीवरचं माझं नाव सरांनी स्वतः खोडलं.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. आम्हाला जपा, पण जपता जपता आमचा श्वास कोंडू नका. काही बिघडलं तर भीड न धरता बोला. आणि आम्हाला नुसतं चालू करून कुणी बाजूला बसू नका. आधी एक प्रश्न विचारा, मग आमच्याकडे बघा.

आता मी तासभरसुद्धा सहज चालू शकतो. सोमवारी पहिल्या तासाला मॅडमनी मला लावलं. मोठ्या रुबाबात मी बरोबर अकरा मिनिटं उजेड पाडला, बारावं लागणार तोच त्यांनी रिमोट उचलला आणि मला बंद केलं. क्षणभर मला वाईट वाटलं. मग मी खाली पाहिलं. भिंतीवर अंधार होता, आणि पिंजऱ्याखालच्या बाकावरून मिनलचा हात सरळ वर आलेला होता.